गणित-विज्ञानाचे नवे दप्तर

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे पोखर्णी हे गाव श्रीनृसिंहाच्या देवस्थानामुळे दूरदूरच्या भाविकांच्या परिचयाचे आहे. रेल्वेच्या दप्तरीही त्याची नोंद ‘पोखर्णी नृसिंह’ अशीच आहे, आणि परळीच्या गाडीतून देवदर्शनासाठी येथे उतरणाऱ्या यात्रेकरूला या गावची पोरे गणित आणि विज्ञान कसे शिकतात याची चौकशी करण्याचे सहसा कारण पडत नाही. ती चौकशी करायची म्हटली तर थोडे मागे जावे लागते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि हैदराबादेहून चालणाऱ्या शिक्षणखात्याच्या शिरस्त्याप्रमाणे शाळांच्या पायऱ्या तहतानिया, वस्तानिया व फौकानिया अशा मुक्रर झालेल्या होत्या. खालच्या पायरीवर मराठीला थोडीफार जागा असे, पण भूमिती, रसायन, पदार्थविज्ञान यांच्या दाराशी जाईपर्यंत मराठी घरातल्या मुलाला उर्दूचा उंबरठा ओलांडणे प्राप्तच होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आणि त्याच्याआधी वर्षभर निघालेल्या ‘दारुल तर्जुमा’ या भाषांतर खात्याने पाश्चात्त्य शास्त्रे एका देशी भाषेत आणून उच्च शिक्षण देता येते हे कृतीने दाखवून दिले, ही त्या राजवटीची मोठी कामगिरी प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. फक्त ती देशी भाषा पोखर्णीच्या शेतकऱ्याच्या घरात बोलली जात नव्हती.

आज त्याच गावातील सातवीतल्या मुलीला, वडील शेतावरून किंवा बाजाराहून परतल्यावर घटकाभर हाती लागणाऱ्या मोबाइलवर, अपूर्णांकांपासून अणुरचनेपर्यंत जे हवे ते मराठीतून आणि बहुतांशी फुकट मिळू शकते. म्हणजे पूर्वीची अडचण दुर्भिक्षाची होती, आताची सुकाळाची आहे. आणि सुकाळात निवड करावी लागते. इंटरनेटवर शिक्षणाच्या नावाखाली जो अफाट माल पडलेला आहे त्यातला कोणता घ्यावा, हे ठरविण्यासाठी माझ्यापुरती मी एकच कसोटी ठेवली आहे: जी गोष्ट पाहिल्यानंतर पाव तासाच्या आत मूल मोबाइल बाजूला ठेवून काडी, दोरी, पट्टी, कागद किंवा पेन्सिल हाती घेते, ती चांगली; आणि जी पाहिल्यावर ते त्याच जागी बसून पुढची पाहू लागते, तिची करमणूक म्हणून हवी तेवढी स्तुती करावी, पण विद्येच्या खात्यावर तिची जमा मांडू नये.

प्रथम सरकारी दप्तराकडे वळू, कारण ते सर्वांत जवळचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे आपल्या ‘बालभारती’ची, पुस्तके आता ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, तेव्हा सहावीच्या मुलाला चौथीचा भागाकार येत नसेल, तर चौथीचे पुस्तक शोधत दुकाने पालथी घालण्याची गरज उरलेली नाही. याच पुस्तकांच्या पानांवर जे काळेपांढरे चौकोनी ठसे असतात, त्या क्यूआर कोडांचा इतिहास सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याच्या पारितेवाडी या खेड्याशी जोडलेला आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत असे ठसे घालून त्यांच्यामागे कविता, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवण्याची युक्ती काढली. पुढे राज्य शासनाने ती उचलली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, ज्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या केंद्रीय व्यवस्थेत हे ठसे उघडतात. तेथील सामग्री मात्र एकसारख्या तोलाची नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. काही चित्रफितींत प्रयोग खरोखर करून दाखविलेला आहे, तर काहींत पाठ्यपुस्तकाचेच पान एखादा गंभीर आवाज आपल्याला वाचून दाखवतो, ज्यासाठी वीज, नेटवर्क आणि रिचार्ज यांपैकी कशाचाही खर्च करण्याचे प्रयोजन नव्हते. करोनाच्या साथीत, २० जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने चालविलेली ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका या मानाने पुष्कळच सरस होती, कारण घरात, अंगणात, परिसरात जे सापडेल त्यातून शिकण्यावर तिचा भर होता आणि तिला इंटरनेट लागतच नव्हते.

परंतु माझ्या कसोटीला पुरेपूर उतरणारे नाव सांगायचे तर ते अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ साली अभियंता होऊन टेल्कोत नोकरीला लागलेला हा माणूस १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षणाच्या उपक्रमात जाऊन पोहोचला, तेथल्या बाजारात त्याने काड्यापेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी पाहिली, आणि त्या दोहोंतून जी खेळणी निघाली त्यांनी पुढे जगभरच्या शाळा गाठल्या. नंतर पुण्याच्या आयुकामध्ये, डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या त्या खगोलविज्ञानाच्या केंद्रात, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’त बसून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कचऱ्यातून करावयाच्या शेकडो खेळण्यांच्या छोट्या छोट्या चित्रफिती तयार केल्या, त्यांतल्या पुष्कळ मराठीत बोलतात, आणि त्यांच्या संकेतस्थळावर मुलांसाठीच्या मराठी-हिंदी-इंग्रजी पुस्तकांचे जे भांडार खुले आहे त्याला कुलूप नाही, वर्गणी नाही, नावनोंदणीही नाही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या सर्वांत जुन्या खेळण्याचीच गोष्ट घ्या. व्हॉल्व्हच्या नळीचे बारीक तुकडे करायचे, काड्यांचे गूल खरडून टाकायचे, आणि नळीच्या तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसून सांधे करीत जायचे. चार काड्यांचा चौकोन झाला की तो बोटाने जरा ढकलावा. तो लगेच एका अंगाला कलून चपटा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. मग त्या लेच्यापेच्या चौकोनात कर्णाच्या जागी एक लांब काडी बसवावी, की तोही हट्टाने ताठ उभा राहतो. हे हाताने अनुभवलेल्या मुलाला घराबाहेर नेऊन पत्र्याच्या शेडची लोखंडी कैची दाखवावी आणि वेल्डरने तिच्यात तिरपे तुकडे का जोडले असतील असे विचारावे. उत्तर ते स्वतःच देते. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याचे कोनही ठरून जातात, ही बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटी दहा वेळा घोकूनही जी मनात उतरत नाही, ती त्या कैचीखाली उभे राहिल्यावर उतरते. आणि एवढ्या उद्योगात मोबाइल लागला तो तीन-चार मिनिटे. नव्या सायकलींना ती जुन्या पद्धतीची नळी लागत नाही म्हणून ती मिळणे अलीकडे दुरापास्त झाले आहे, ही तक्रार खरी. पण सलाईनच्या नळीच्या स्वच्छ धुतलेल्या बारीक तुकड्यांत आणि खराट्याच्या काड्यांतही काम भागते.

परदेशी साधनांपैकी तीन नावे निःसंकोच सांगावीत अशी आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला ‘फेट’ हा प्रकल्प पडद्यावरच प्रयोगशाळा मांडून देतो. त्याचे पुष्कळ प्रयोग मराठीत उपलब्ध आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. विजेच्या मंडलाचा त्यातला प्रयोग विशेष उपयोगी, कारण दोन तारा चुकीच्या जोडल्या तर पडद्यावर ज्वाळा दिसतात आणि घराचा फ्यूज मात्र शाबूत राहतो. खऱ्या मोटारीच्या स्टार्टरशी पोरांनी खेळू नये म्हणून प्रत्येक शेतकरी बाप जे ओरडत असतो, त्याचे कारण तेथे निर्धास्तपणे पाहता येते. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ च्या सुमारास रचलेले ‘जिओजेब्रा’ भूमितीच्या आकृतीला हलवून दाखवते: त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढत नेला तरी कोनांची बेरीज १८० अंशांवरून ढळत नाही, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. तिसरे नाव ‘खान अकॅडमी’चे; सलमान खान यांनी २००४ मध्ये दूरच्या गावी असलेल्या आपल्या नात्यातल्या बहिणीची गणिताची शिकवणी फोनवरून घेण्यास आरंभ केला, त्यातून ती संस्था निघाली, आणि आता तिचे धडे मराठीतही आहेत. तिचा खरा उपयोग चित्रफितींपेक्षा सरावाच्या उदाहरणांत आहे, कारण चुकलेल्या उदाहरणाशेजारी ते कोठे चुकले याचा दाखलाही तेथे मिळतो.

आता एक असा धडा सांगतो, ज्याला साधन म्हणून स्वतः पोखर्णी गावच पुरते. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबर या दिवशी, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात तेव्हा, शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी रोवावी. ती अगदी उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी गावच्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणावा. आणि अकरा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करीत जावे. सर्वांत आखूड सावली सुमारे ३५ सेंटिमीटर भरेल. मग कागदावर १० सेंटिमीटर उंचीचा आणि ३.५ सेंटिमीटर पायाचा काटकोन त्रिकोण काढून वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजावा. तो एकोणीस अंशांच्या थोडासा वर येतो, आणि तोच पोखर्णीचा अक्षांश. भूगोलाच्या पुस्तकात छापलेली रेघ आपल्या पटांगणातून जाते, याची अशी प्रचिती दुसऱ्या कोणत्या मार्गाने येणार?

सावलीतून आणखी एक कोडे निघते. ती सर्वांत आखूड होते ती घड्याळात बारा वाजता नव्हे. मार्चमध्ये साडेबाराच्या सुमारास आणि सप्टेंबरमध्ये सव्वाबाराच्या सुमारास. आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्ताप्रमाणे लावलेली असतात, परभणीचा मुलूख त्याच्या पश्चिमेला पावणेसहा अंशांच्या आसपास आहे, आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्याला आपल्या माथ्यावर यायला तेवीस मिनिटे उशीर होतो. उरलेला, म्हणजे मार्चमध्ये सात-आठ मिनिटे पुढे आणि सप्टेंबरमध्ये तितकीच मागे नेणारा, फरक पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि तिच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे पडतो. येथे मोबाइलकडे परत जावे. ‘स्टेलॅरियम’ या विनामूल्य तारांगणात स्थळ म्हणून परभणी निवडून तारीख आणि वेळ बदलून पाहिली, की आपण खडूने मांडलेला हिशेब आकाशाशी जुळतो की नाही हे ताडून पाहता येते. वर्षातून दोनदा येणारा शून्य सावलीचा दिवस ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या अ‍ॅपमध्ये गावानुसार पाहता येतो. पोखर्णीला तो मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरच्या आठवड्यात येतो. दुर्दैवाने पहिल्या वेळी शाळेला सुटी असते आणि दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले असते, पण मे महिन्यात पोरे नाही तरी उन्हातच हुंदडत असतात.

गणितात इंटरनेट किती थोडे लागते, याचे मराठी मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. डहाणूला १९०५ साली जन्मलेले, १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी केलेले, पदव्युत्तर पदवी नसलेले आणि त्यामुळे विद्वानांच्या पंगतीत बराच काळ मागच्या पाटावर बसविलेले हे गृहस्थ संख्यांशी असे रमत, की त्यांना दुसऱ्या साधनाची गरजच भासली नाही. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी मांडलेला शोध तिसरी-चौथीतल्या मुलालाही पडताळता येतो. सगळे अंक एकच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. मराठवाड्याच्या दुष्काळाचे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या स्थापनेचेही साल १९७२ आहे, म्हणून तेच घेतो. ९७२१ मधून १२७९ वजा केले की ८४४२. मग ८४४२ मधून २४४८ वजा जाता ५९९४. ९९५४ मधून ४५९९ जाता ५३५५. ५५५३ मधून ३५५५ जाता १९९८. ९९८१ मधून १८९९ जाता ८०८२. ८८२० मधून ०२८८ जाता ८५३२. आणि ८५३२ मधून २३५८ जाता ६१७४. येथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहील. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तेथे पोहोचते, आणि आपल्या दुष्काळी सालाला पुऱ्या सात लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले तेव्हा जगाला ते ठाऊक झाले. हातच्याच्या वजाबाकीचा कंटाळा असणाऱ्या मुलाकडून एका बैठकीत अशा वीस वजाबाक्या करून घेणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

यूट्यूबवर ‘वैदिक गणित’ या नावाने ज्या झटपट युक्त्यांचा पूर लोटला आहे, तिकडे मात्र पालकांनी सावधपणे पाहावे. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या भारती कृष्णतीर्थांच्या पुस्तकातल्या त्या युक्त्या आकडेमोड लवकर करून देतात यात शंका नाही, पण उत्तर तसेच का येते हे सांगण्याची तसदी त्या चित्रफिती क्वचितच घेतात, आणि ‘का’ हा प्रश्न काढून टाकल्यावर गणितात उरते ते काय? हप्त्यांवर विकल्या जाणाऱ्या टॅबलेट आणि शिकवण्यांचीही गत तीच. दारात आलेला विक्रेता मुलाच्या भवितव्याची भीती घालून सह्या घेतो; निदान आठवीपर्यंतच्या अभ्यासासाठी विकत घ्यावे असे त्यांच्याजवळ काही नसते, आणि पैशाचा जो सौदा सही करण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवता येत नाही तो करूच नये.

राहिला प्रश्न साधन पोहोचण्याचा. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो, की देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन चालविता येतो. त्यांच्यापैकी पाहणीआधीच्या आठवड्यात काही अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. फोन चालवू शकणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. आणि त्याच अहवालाप्रमाणे पाचवीतल्या ग्रामीण मुलांपैकी भागाकार येणारी ३०.७ टक्केच आहेत. फोन घरोघर पोहोचला, भागाकार पोहोचला नाही. या आकड्यांवरून फोनला गुन्हेगार ठरविणे सोपे आहे, पण माझ्या मते ते अन्यायाचे होईल. फोन घरात आला तेव्हा त्याच्या शेजारी बसून मुलाला ‘हे तुला कसे समजले ते मला सांग’ असे म्हणणारे कोणी त्याच्याबरोबर आले नाही, दोष आहे तो एवढाच. हे म्हणण्यासाठी स्वतःला गणित येण्याची अट नाही. चौथीनंतर शाळा सुटलेली आई किंवा आजीसुद्धा हे म्हणू शकते, आणि पावकी-निमकी-दिडकीचे पाढे तोंडपाठ असलेला आजोबा घरात असेल तर अपूर्णांकांच्या बाबतीत तो कोणत्याही अ‍ॅपहून पुढे निघेल.

खेड्यातल्या शाळेपुरता उपाय कायद्यातच लिहिलेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले असून, तिच्या सभासदांपैकी तीन चतुर्थांश पालक आणि एकूणांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवून दिले आहे. या समितीच्या बैठका बहुतेक गावी इतिवृत्तावर सह्या गोळा करण्यापुरत्या होतात. पोखर्णीच्या आणि तशाच इतर गावांच्या पालकांना माझे सांगणे आहे, की पुढच्या बैठकीत सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांना अदबीने तीन गोष्टी विचारा: शाळेला मिळालेला टीव्ही किंवा संगणक चालू आहे काय, विजेचे देयक कोण भरते, आणि अरविंद गुप्तांच्या चित्रफिती व फेटचे मराठी प्रयोग एका पेनड्राइव्हमध्ये उतरवून शाळेत ठेवलेले आहेत काय. नसतील, तर गावात ज्या कोणाकडे चांगले नेटवर्क आणि एक मोकळी संध्याकाळ आहे, त्याने ते काम करावे आणि शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्या पेनड्राइव्हची रीतसर नोंद करून घ्यावी.